म्हातारपणी लस कशाला? काही शंका, काही समाधान

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात रेशनकार्ड, जातीचे दाखले, घरभाड्याच्या जुन्या पावत्या आणि मुलांची लसीकरणाची कार्डे जपून ठेवलेली आहेत. थोरल्या मुलीचे कार्ड घडीवर फाटले म्हणून त्याला मागून कागदाची पट्टी चिकटविली आहे; पण त्यावरील प्रत्येक तारखेपुढे आरोग्यसेविकेची सही आहे. पोलिओ, गोवर, त्रिगुणी, एकही मात्रा चुकलेली नाही. मागच्या महिन्यात आम्ही याच पेटीत आईच्या लसीचे कार्ड शोधू लागलो. ते सापडले नाही, कारण ते कधी केलेच नव्हते. कोरोनाच्या वेळी मोबाईलवर आलेले प्रमाणपत्र तेवढे होते, तेही जुन्या मोबाईलबरोबर गेले.

वाचकहो, आपल्याही घरी बहुधा हीच स्थिती असेल. बाळाच्या लसीची तारीख आजीला तोंडपाठ असते. पण आजीच्या लसीची तारीख घरात कोणालाच ठाऊक नसते. ‘म्हातारपणी लस कशाला?’ हा प्रश्न आम्ही वस्तीत कितीतरी वेळा ऐकला आहे. त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही वेळेवर दिले नाही, याची एक बोचणी आमच्या मनात आहे. म्हणून आजचा हा लेख.

आत्याचा प्रश्न

१ मार्च २०२१ रोजी साठ वर्षांवरील सर्वांसाठी आणि पंचेचाळीस ते साठ वयाच्या आजारी माणसांसाठी कोरोनाची लस खुली झाली. त्यापूर्वी, १६ जानेवारीपासून, ती केवळ आरोग्य कर्मचारी आणि नंतर पोलीस, सफाई कामगार अशांना मिळत होती. लस घ्यायची तर कोविन नावाच्या सरकारी संगणक व्यवस्थेत नाव नोंदवावे लागे. मोबाईलवर आकडा येणार, तो भरावयाचा, मग केंद्र निवडावयाचे. आमच्या वस्तीतील कित्येक ज्येष्ठांकडे साधा बटणांचा फोन, तोही नातवाच्या हाती. आम्ही नोकरीने कारकून. अर्ज भरणे हे आमचे रोजचेच काम. म्हणून संध्याकाळी विहारात टेबल टाकून आम्ही दोघे-तिघे कार्यकर्ते नावे नोंदवू लागलो. पंधरा दिवसांत साठ-सत्तर जणांची नोंद झाली.

आमची आत्या त्या वेळी चौऱ्याहत्तर वर्षांची होती. आमचे वडील लवकर गेले, तेव्हा याच आत्याने बांधकामावर घमेली उचलून आमच्या शाळेची फी भरली होती. ती एका संध्याकाळी टेबलाजवळ आली आणि हळूच म्हणाली, “अरं बाळा, मला साखर हाय, बीपीची गोळी चालू हाय. मला चालंल का ती सुई?” आम्हांला उत्तर ठाऊक नव्हते. रांग मोठी होती. आम्ही म्हणालो, “आत्या, डॉक्टरांना विचारून सांगतो.”

आम्ही विचारले नाही. मार्चअखेरीस कार्यालयात हिशेब बंद करण्याची गडबड, संध्याकाळी नोंदणी. आत्या दोनदा भेटली. तिने पुन्हा विचारले नाही आणि आम्हीही विषय काढला नाही. एप्रिलमध्ये दुसरी लाट शहरभर पसरली, लसीचा साठा कमी पडल्याने केंद्रेही बंद पडू लागली. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आत्या आजारी पडली. खाट मिळाली ती उशिरा. नवव्या दिवशी ती गेली. आम्हां कोणालाही तिचे तोंड नीट पाहता आले नाही.

लस घेतली असती तर आत्या वाचलीच असती, असे छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. परंतु तिच्या प्रश्नाचे उत्तर अगदी साधे होते. साखर आणि रक्तदाब असलेल्या वृद्धांना लस चालते एवढेच नव्हे, तर त्यांनी ती सर्वांच्या आधी घ्यावी म्हणूनच त्यांचा क्रम वर लावलेला होता. हे उत्तर दवाखान्याच्या भिंतीवर लावलेल्या कागदावरही होते. आम्ही तो कागद वाचला नाही आणि आत्याला अक्षरओळख नव्हती.

मुलांना लस, मग वृद्धांना का नाही?

आपल्या देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. तो प्रामुख्याने बालके आणि गरोदर मातांसाठी आहे. त्यामुळे लस म्हणजे बाळाला टोचावयाची गोष्ट, अशी समजूत आपल्या मनात पक्की बसली. वास्तविक लसीची गरज आयुष्यात दोन टोकांना अधिक असते. लहानपणी शरीराला रोगाची ओळख नसते. म्हातारपणी ओळख असूनही झुंजण्याचे बळ ओसरलेले असते. त्यात मधुमेह, दमा, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार यांची भर पडते. पंचविशीतला मुलगा फ्लू होऊन चार दिवसांत कामावर जातो. सत्तरीतली माणसे त्याच फ्लूने न्यूमोनियापर्यंत जातात. फ्लूनंतरच्या दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका वाढतो, हेही अभ्यासांतून दिसून आले आहे. शिवाय दवाखान्यातून घरी आलेले वृद्ध पूर्वीसारखे चालते-फिरते होतीलच असे नाही. आपल्या घरांत आजी मुले सांभाळते म्हणून सून कामावर जाऊ शकते. आजी अंथरुणाला खिळली की एकाच घरातील दोन माणसांचे जगणे अडते.

ही भीती आणि ही शंका नवी नाही. प्लेगच्या साथीत वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांपैकी जे राजी झाले त्यांना ती देण्यात आली. परळची हाफकिन संस्था आजही त्यांच्या नावाने उभी आहे. त्याच साली, दोनच महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने गाठले. त्यांचे वय तेव्हा सहासष्ट होते. लस जन्माला आली होती, परंतु लोकांपर्यंत पोहोचावयाची होती. लस निघणे आणि ती आपल्या माणसाच्या दंडापर्यंत पोहोचणे यांत केवढे अंतर असते, ते या दोन तारखांवरून समजावे.

ज्येष्ठांसाठी कोणत्या लसी?

आम्ही डॉक्टर नव्हे. खाली दिलेली माहिती ही डॉक्टरांना काय विचारावे हे समजण्यासाठी आहे. कोणती लस केव्हा घ्यावी हे त्यांनीच प्रकृती पाहून ठरवावयाचे आहे.

फ्लूची लस. फ्लूचा विषाणू सारखा रूप पालटतो, म्हणून ही लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात आणि पुन्हा थंडीत वाढतो. म्हणून पाऊस सुरू होण्यापूर्वी, एप्रिल-मे महिन्यांत, लस घेणे चांगले. सुई टोचल्यावर अंगात बळ तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. वर्षावासात आपले वयोवृद्ध उपासक-उपासिका तीन महिने विहारात ग्रंथवाचनास एकत्र बसतात. बाहेर पाऊस, खिडक्या बंद. पुढे दीक्षाभूमीची आणि चैत्यभूमीची गर्दी, रेल्वेचा खचाखच भरलेला डबा. या सर्वांच्या आधी लस झालेली बरी. २००९ च्या ऑगस्टमध्ये देशातील स्वाइन फ्लूचा पहिला बळी पुण्यात गेला, ते अनेकांना आठवत असेल. त्या स्वाइन फ्लूपासूनचे संरक्षणही आता फ्लूच्या नेहमीच्या लसीतच असते.

न्यूमोनियाची लस. न्यूमोकोकस नावाच्या जंतूमुळे होणारा न्यूमोनिया वृद्धांना फार जड जातो. पासष्ट वर्षांपुढील सर्वांना, आणि त्याआधीही मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना ही लस सुचविली जाते. आयुष्यभर चुलीचा धूर घेतलेल्या आणि विडी ओढणाऱ्या मंडळींनी तर आवर्जून विचारावे. ही लस दरवर्षी घ्यावी लागत नाही. नेहमीच्या पद्धतीत आधी एका प्रकारची मात्रा आणि साधारण वर्षाने दुसऱ्या प्रकारची मात्रा देतात. एकाच मात्रेत काम भागविणारी नवी लसही निघाली आहे.

नागिणीची लस. लहानपणी कांजिण्या येऊन गेलेल्या माणसाच्या शरीरात तो विषाणू मज्जातंतूंपाशी दडून बसतो आणि उतारवयात नागिणीच्या रूपाने बाहेर पडतो. फोड जातात, पण आग आणि कळा कित्येकांना महिनोन्महिने सोसाव्या लागतात. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस मरतो, ही समजूत निखालस खोटी आहे. ती एका मज्जातंतूच्या वाटेने, शरीराच्या एकाच बाजूस उठते. म्हणून तिचा वेढा सहसा पुरा होतच नाही. गेरू लावणे, मंत्र घालणे यात दिवस दवडू नयेत. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सुरू झाल्यास त्रास कमी होतो. तिची लस पन्नाशीनंतर, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रांत देतात. भारतात नवी लस २०२३ पासून मिळते. मात्र ती फार महाग आहे.

धनुर्वाताची लस. लोखंड लागले की धनुर्वाताचे इंजेक्शन, हे सर्वांना माहीत आहे. आता धनुर्वात आणि घटसर्प या दोहोंची एकत्र लस असते आणि मोठ्या माणसांनी ती दर दहा वर्षांनी घ्यावी असा सल्ला आहे. सफाई, भंगार, बांधकाम, शेती अशा कामांत आयुष्य गेलेल्या आपल्या मंडळींना हिची विशेष गरज.

याशिवाय डायलिसिसवर असणाऱ्यांना आणि काही मधुमेही रुग्णांना काविळीच्या ‘बी’ प्रकाराची लस देतात. क्षयरोगासाठी बाळांना देण्यात येणारी बीसीजी लस २०२४ मध्ये काही राज्यांत, महाराष्ट्रातही, निवडक ठिकाणी प्रौढांना देऊन पाहण्यात आली. त्यात साठ वर्षांवरील व्यक्ती, मधुमेही, क्षयरोग्यांच्या घरातील माणसे यांचा समावेश होता. आशाताई किंवा आरोग्यसेविका दारी येऊन असे काही विचारू लागल्या तर दार लावून घेऊ नये. माहिती विचारून घ्यावी.

कोरोनाच्या लसीविषयी विचारले जाणारे प्रश्न

कोरोनाची साथ ही जागतिक आणीबाणी राहिली नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. परंतु विषाणू गेलेला नाही. २०२५ च्या मे-जूनमध्ये महाराष्ट्रात रुग्ण पुन्हा वाढले, तेव्हा वस्तीत जुनेच प्रश्न पुन्हा कानी आले. ते आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

साखर, रक्तदाब, हृदयविकार असेल तर लस चालते का? चालते. याच लोकांना कोरोनाचा धोका अधिक, म्हणून त्यांनाच लसीची अधिक गरज. नेहमीच्या गोळ्या बंद करू नयेत. उपाशीपोटीही जाऊ नये. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असल्यास टोचण्यापूर्वी तसे सांगावे; म्हणजे बारीक सुई वापरून ती जागा थोडा वेळ दाबून धरतात. पूर्वी एखाद्या लसीने किंवा औषधाने अंगावर मोठी गांधी उठली असेल, श्वास अडला असेल, तर ती गोष्ट लपवू नये.

लसीमुळेच कोरोना होतो का? नाही. कोव्हिशिल्डमध्ये वाढू न शकणाऱ्या दुसऱ्याच एका विषाणूमार्फत कोरोनाच्या एका भागाची ओळख शरीराला करून दिली जात होती. कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला कोरोना विषाणू होता. कोर्बेव्हॅक्समध्ये त्याच्या काट्यावरील प्रथिनाचा अंश होता. यांपैकी कशानेही कोरोना होऊ शकत नाही. एक-दोन दिवस ताप, अंगदुखी, दंड दुखणे हे शरीर लसीला उत्तर देत असल्याचे लक्षण आहे. ताप आला नाही म्हणजे लस लागू पडली नाही, असेही नव्हे.

लस घेऊनही कोरोना होतो, मग उपयोग काय? लसीने लागण पूर्णपणे थांबत नाही, हे खरे. तिचे मुख्य काम आजार जिवावर बेतू न देणे. घराला कडी लावल्याने चोर दारापर्यंत येणे थांबत नाही. तरी कोणी कडी लावणे सोडीत नाही.

लसीमुळे हृदयविकाराचा झटका येतो का? हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कोव्हिशिल्डच्या जातीच्या लसीनंतर फार थोड्या लोकांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा एक दुर्मीळ विकार आढळला, ही गोष्ट खरी आहे आणि ती लपविण्याचे कारण नाही. तो विकार बहुधा लसीनंतरच्या काही आठवड्यांत दिसे आणि वृद्धांपेक्षा तरुणांत अधिक आढळे. २०२१ किंवा २०२२ मध्ये लस घेतलेल्यांनी आज त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. तरुण माणसे अचानक मरण पावतात, त्याचा लसीशी संबंध आहे का, याचा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९ राज्यांतील ४७ रुग्णालयांतून अभ्यास केला. १८ ते ४५ वयाच्या लोकांत लसीमुळे असा धोका वाढल्याचे त्यात दिसले नाही. शेजारच्या माणसाने लस घेतली आणि सहा महिन्यांनी तो गेला, एवढ्यावरून लसीला दोष देता येत नाही. त्याने त्या सहा महिन्यांत पाणीही प्यालेले असते.

लस घेतल्यावर अंगाला नाणी चिकटतात म्हणे? २०२१ च्या जूनमध्ये नाशिककडून अशी बातमी आली आणि मोबाईलवरून घरोघर पोहोचली. घामट, तेलकट कातडीला हलके नाणे किंवा चमचा लस न घेताही चिकटतो. त्या जागी पावडर लावून पाहा, नाणे खाली पडते. हा प्रयोग आम्ही वस्तीतील मुलांसमोर स्वतःवर करून दाखविला. हशा पिकला आणि प्रश्न मिटला.

दोन-तीन मात्रा घेतल्या, आता पुन्हा घ्यावी का? तिसरी, म्हणजे सावधगिरीची, मात्रा साठ वर्षांवरील आजारी व्यक्तींना १० जानेवारी २०२२ पासून आणि मार्चपासून साठ वर्षांवरील सर्वांना मिळू लागली. १५ जुलै २०२२ पासून ७५ दिवस ती अठरा वर्षांवरील सर्वांनाच सरकारी केंद्रांत मोफत होती. अनेकांनी दोन मात्रांवरच थांबून ती सोडून दिली. २०२१ सारखी मांडव घालून चाललेली मोहीम आज नाही. लसीचे बळ काळाने ओसरते. म्हणून फार वयोवृद्ध आणि गंभीर आजार असलेल्या ज्येष्ठांनी अधूनमधून मात्रा घ्यावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. अशा व्यक्ती घरात असतील तर त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारावे. सरसकट सर्वांनी धावपळ करण्याची आवश्यकता नाही.

अंथरुणाला खिळलेल्यांचे काय? प्रारंभी घरी येऊन लस देता येणार नाही, असेच उत्तर मिळे. हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. त्यानंतर ३० जुलै २०२१ पासून मुंबई महापालिकेने अंधेरी-जोगेश्वरी भागातील एका विभागात घरोघर जाऊन अशा रुग्णांना लस देण्यास प्रारंभ केला. सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारनेही तशा सूचना काढल्या. लेखी मागणी केली, पाठपुरावा केला, तर आज ‘नाही’ म्हटलेली सोय उद्या होऊ शकते, हा त्यातील धडा आहे.

खर्चाचा हिशेब

हिशेब हा आमचा पोटापाण्याचा विषय, म्हणून स्पष्ट लिहितो. खासगी दवाखान्यात फ्लूची लस साधारण हजार-दोन हजारांच्या घरात जाते. न्यूमोनियाच्या लसीला त्याहून जास्त पडतात. नागिणीच्या लसीची एक मात्राच दहा हजारांच्या आसपास आहे. सर्वच घरांना सर्व लसी परवडणार नाहीत. म्हणून क्रम लावावा. पहिली फ्लूची, तीही पावसाळ्यापूर्वी. नंतर न्यूमोनियाची, ती वारंवार लागत नसल्याने बोनसच्या किंवा भिशीच्या पैशांतून करता येते. धनुर्वाताची सरकारी दवाखान्यातही होते. नागिणीची लस जमल्यास घ्यावी. न जमल्यास फोड दिसताच डॉक्टरकडे जावे, तेवढे तरी पाळावे.

पैसे काढण्यापूर्वी महापालिकेच्या दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी. महाराष्ट्रात २०१५ पासून गरोदर स्त्रिया, मधुमेह व रक्तदाबाचे रुग्ण अशा जोखमीच्या गटांना सरकारी दवाखान्यांतून फ्लूची लस मोफत देण्यात आली आहे. ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक होती. साठा आहे का, केव्हा येणार, हे विचारण्यात लाज कसली? एकट्याने विचारले तर ‘नंतर या’ म्हणतील. महिला मंडळाच्या दहा जणी गेल्या तर तारीख मिळेल.

लस घेण्याच्या दिवशी बरोबर घरचे एक माणूस असावे. अंगात जोराचा ताप असेल तर दिवस पुढे ढकलावा; साध्या सर्दीसाठी ढकलण्याचे कारण नाही. टोचल्यावर अर्धा तास तेथेच बसावे. घरी आल्यावर दंड चोळू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लसीचे नाव व तारीख कागदावर लिहून घ्यावी.

‘नको’ म्हणणाऱ्यांना काय म्हणावे?

आमच्या आईचे वय आता बहात्तर. फ्लूच्या लसीचा विषय काढला तेव्हा ती म्हणाली, “माझं काय राहिलंय आता? तेवढ्या पैशात पोरीचं पुस्तक आण.” पूर्वीचे आम्ही असतो तर रागावलो असतो, किंवा ‘बरं, पुढं बघू’ म्हणून मोकळे झालो असतो. या वेळी जवळ बसलो. हळूहळू खरे कारण बाहेर आले. कोरोनाच्या लसीनंतर तिला दोन दिवस ताप आला होता. त्या दोन दिवसांत सुनेला कामावर रजा घ्यावी लागली, तिचा पगार कापला गेला. आईच्या मनात ते राहून गेले होते. तिला सुईची भीती नव्हती, आपले ओझे होण्याची भीती होती.

आम्ही शनिवारची वेळ घेतली. रविवारी सर्वजण घरी होते. आईला ताप आला नाही, फक्त दंड दुखला. सोमवारी ती नातीला शाळेत सोडून आली.

तेव्हा ज्येष्ठांनी ‘नको’ म्हटले तर त्यांना अडाणी समजू नये. त्या ‘नको’मागे पैशाची काळजी असते, रजेची असते, पूर्वी दवाखान्यात कोणी तोडून बोललेले असते, कधी नुसती एक शंका असते. ती विचारून घ्यावी आणि उत्तर माहीत नसेल तर शोधून आणावे.

आमच्या विहारात आता टेबलावर एक दोनशे पानी वही ठेवली आहे. ज्याला आरोग्याविषयी काही विचारावयाचे असेल त्याने सांगावे, लिहिता येत नसेल तर शाळकरी मुलांपैकी कोणीही लिहून घेते. समोर नाव आणि तारीख. दर रविवारी आमच्यापैकी एकजण ती वही घेऊन दवाखान्यात जातो, डॉक्टर किंवा परिचारिकांना विचारतो आणि पुढच्या रविवारी ज्याचा प्रश्न त्याच्या घरी जाऊन उत्तर सांगतो. उत्तर सांगितल्याशिवाय त्या ओळीवर खूण करावयाची नाही, असा नियम केला आहे. खर्च म्हणाल तर एक वही आणि एक पेन. आपल्या वस्तीत, आपल्या गावी हे सहज करता येईल.

वहीच्या पहिल्या पानावर पहिला प्रश्न आम्ही स्वतः लिहिला आहे : ‘मला साखर आहे, बीपीची गोळी चालू आहे. मला लस चालेल का?’ पुढे आत्याचे नाव आणि मार्च २०२१. त्याखाली उत्तर लिहिले आहे. त्या ओळीवर मात्र आम्हांला खूण करता आलेली नाही.

आपल्या घरी आज जी मंडळी आहेत, त्यांच्यासाठी या आठवड्यात एक कार्ड करा. साधा पुठ्ठा चालेल. वर नाव लिहा, खाली लसींची नावे लिहा, आणि ते मुलांच्या कार्डाशेजारी पेटीत ठेवा.